प्रवचनाच्या आदल्या दिवशीचं टायर

रबराच्या झाडांची पानगळ झाली की नोंगवेंग गावच्या रानातलं काम थांबतं. झाडं उघडीबोडकी होतात, वाळला पाला घोट्यापर्यंत साचतो, खोडाला तारेनं बांधलेल्या चिकाच्या वाट्या पालथ्या घालतात, आणि नवी पालवी जून होईपर्यंत सालीला सुरी लावायची नाही हा सगळ्या रानाचा दंडक. चीक नाही म्हणजे कमाई नाही. खामफायचा नवरा उदोम म्हणूनच दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेला होता. वाट्यानं राखलेल्या त्या रानातल्या खोपटात खामफाय आणि तिची सासू कोंगमी अशा दोघीच उरल्या होत्या. दोघी, आणि साइडकार जोडलेली एक मोटरसायकल.

मोटरसायकलच्या मागच्या टायरची आधी नक्षी गेली. मग वरचं रबर गेलं. आता आतले दोरे दिसायला लागले होते, फाटक्या धोतराच्या काठासारखे. खामफाय रोज सकाळी त्या दोऱ्यांवरून अंगठा फिरवायची आणि किक मारायची.

एरवी तिनं ते पालवी फुटेपर्यंत ढकललं असतं. पण तीन दिवसांनी विहारात प्रवचन होतं.

गायलेलं प्रवचन. पूर्वजन्मी सगळं देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची ती गोष्ट, तेरा अध्यायांची. तांबडं फुटताना पहिले भंते गळा मोकळा करतात आणि दिवे लागायच्या वेळेला शेवटचे पोथी मिटतात. एका दिवसात, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जो ऐकेल त्याला पुढच्या बुद्धाच्या काळात जन्म मिळतो. तिथलं शेंबडं पोरही हे जाणतं. आणि गाणारा गळा कसदार असला तर पुढच्या जन्माचंही भान राहत नाही, ऐकता ऐकताच माणूस धुऊन निघतं.

कोंगमीनं ही कथा आयुष्यभर ऐकली होती, पण तुकड्यातुकड्यांनी. गावात भात वाफवावा तर कोंगमीनंच, अशी तिची ख्याती. त्यामुळे दरसाल ती विहाराच्या मागच्या चुलींपाशी. कधी टोपलीच्या वाफेत अर्धा अध्याय कानावर पडला, कधी मूल पाजताना दोन ओळी, कधी भांडी घासताना शेवटचं पालुपद. पाचवा अध्याय तिनं कधी ऐकलाच नव्हता. त्या वेळी भंत्यांच्या जेवणाची घाई असायची.

"यंदा मी खांबाला टेकून बसणार," ती सुनेला म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुढच्या साली हे कान असतील नसतील."

दोन वर्षांपूर्वी खोपटाच्या शिडीवरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तिला पाय फाकवून गाडीवर बसता येत नसे. साइडकारच्या फळीवर कुशीला उशी लावून बसली तरच ती रानाबाहेर पडायची.

"मालकाची पिकअप मागू का आई?"

"मागच्या वेळी मागितलीस. त्यानं मला खताच्या पोत्यांत बसवलं, आणि वर गड्याला म्हणतो, पोती मोजून घे. मी काय पोतं आहे?"

दुसऱ्या दिवशी खामफायनं झाडांच्या साली खरवडून निघालेलं वाळकं रबर, वाट्यांच्या बुडाला चिकटलेल्या चिंध्या, जमिनीवर पडलेले काळे गोळे असं सगळं एका गोणीत भरलं आणि हळूहळू, खड्डे चुकवत, बाजार गाठला. रबराचा वास तो. रस्त्यानं जाणारे नाकाला हात लावत होते. भंगारवाल्यानं गोणी उचलून बघितली, आणि तिनं बोट दाखवलेलं टायर ढिगातून ओढून काढून दिलं. शाळेच्या मास्तरांनी गाडी मोडीत काढली होती, तिचं टायर. नक्षी अजून नखात रुतत होती.

टायर खांद्याला अडकवून ती गाड्या दुरुस्त करणाऱ्या विचियनच्या दुकानात गेली. विचियननं तिच्याकडे बघायच्या आधी टायरकडे बघितलं.

"हे कुठनं?"

"भंगारातनं. चांगलं आहे भाऊ. बसवून द्या तेवढं."

"आमच्याकडं घेतलेलंच टायर आम्ही बसवतो."

"मजुरी देते ना."

"आणि साइडकारचं चाक म्हणजे दुप्पट मजुरी. अर्धी गाडी खोलावी लागते." विचियननं हातातला पाना फडक्याला पुसला. "उद्या हे फुटलं की लोक म्हणणार विचियननं बसवलं होतं."

बाकावर बर्फाची कॉफी पीत बसलेला एक जण म्हणाला, "ताई, तुम्ही रबर काढणारी माणसं. टायर घरीच का बनवत नाही?"

दोघं हसले. खामफायही थोडी हसली. न हसती तर ते आणखी हसले असते.

तेवढ्यात त्या कॉफी पिणाऱ्याच्याच गाडीचं चाक विचियननं पुढ्यात घेतलं. खामफाय गेली नाही. टायर खांद्यावर तसंच ठेवून उभी राहिली.

"आता काय?"

"बघते. बघायचे पैसे पडतात का?"

विचियननं मान उडवली आणि कामाला लागला. त्यानं यंत्राखाली दाबून टायरची कड रिमपासून सोडवली. चपट्या लोखंडी पट्ट्या घालून ती उलटी काढली. ट्यूब ओढली. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात जराशी हवा भरली, सुरकुत्या जाण्यापुरती. कडेला साबणाचं पाणी फासलं. खामफायचे ओठ हलत होते, पाठांतर करावं तसे. विचियनला ते जाणवलं आणि तो पाठ फिरवून बसला. ती वळसा घालून पलीकडे गेली. तो पुन्हा फिरला. कड आत घ्यायचा शेवटचा वीतभर भाग आला तेव्हा त्याची रुंद पाठ नेमकी मधे होती. खामफाय पुढे होईतो टायर बसलंसुद्धा.

"शिकलीस?" त्यानं विचारलं.

"थोडं राहिलं," ती म्हणाली आणि निघाली.

प्रवचनाच्या आदल्या दिवशीची सकाळ. गावाकडून भोंग्याचा आवाज रानात येत होता. पताका, केळीचे खांब, कोण कुठं उभं राहायचं, सगळं भोंग्यावर चाललं होतं. खांबांवर उचललेल्या खोपटाखाली, सावलीत खामफायनं गाडी लावली. वाटेतली पानं झाडून जमीन मोकळी केली, म्हणजे सुटलेला नटबोल्ट हरवायला नको. वर माचावर कोंगमी चिकट भाताचे गोळे वळत होती. पहाटेच्या मिरवणुकीत बुद्धापुढे हजार गोळे ठेवायचे, त्यातला आपल्या घरचा वाटा. बोराएवढा एकेक गोळा केळीच्या पानावर रांगेत उभा राहत होता.

मागच्या चाकाचा आस डावीकडून ओढावा लागतो आणि डावीकडेच साइडकारचा दांडा आडवा. दांड्याचा खालचा बोल्ट गंजून एकजीव झालेला. खामफायनं पान्यावर लोखंडी नळी चढवली, नळीच्या टोकाला दोन्ही हातांनी लोंबकळली. पाना सटकला आणि तिच्या बोटांची सालटं निघाली. तिनं बोटं तोंडात धरली, थुंकली, पुन्हा पाना लावला. तिसऱ्यांदा बोल्ट करकरला.

"सुटला?" वरून आवाज आला.

"सुटेल. त्याच्या बापाला सुटावं लागेल."

"बोल्टाच्या बापाला कशाला मधे आणतेस? सणाचा दिवस आहे."

साइडकारखाली ओंडका सरकवून तिनं आस ठोकून काढला, साखळी उतरवली, ब्रेकची सळई सोडली आणि चाक बाहेर घेतलं. चाक जमिनीवर आडवं टाकून ती टायरच्या कडेवर उभी राहिली. टाचांनी दाबलं. उड्या मारल्या. कड रिमला अशी चिकटून होती की जणू एकाच साच्यात ओतलेली. विचियनकडे यंत्र होतं. तिनं आजूबाजूला बघितलं, खोपटाच्या खांबांना गुडघ्याच्या उंचीवर जोडणाऱ्या तुळईकडे बघितलं, आणि मग कुंपणाचा लांब वासा उपसून आणला.

वाशाचं एक टोक तिनं तुळईखाली अडकवलं. टायरच्या कडेवर लाकडाचा ठोकळा उभा केला, त्यावरून वासा घेतला आणि मोकळ्या टोकाला रेटला. ठोकळा तिरका झाला. तो धरावा तर वासा दाबायला कुणी नाही.

"आई, खाली येतेस का?"

"माझे हात मी चाकाला लावणार नाही. गोळ्यांना तेल लागेल."

"हात नको. बूड हवंय."

कोंगमी शिडीवरून एकेक पायरी बसत बसत उतरली. केळीचं पान आणि भाताची टोपली तिनं बरोबर आणली होती. वाशाच्या टोकावर ती अलगद टेकली, टोपली मांडीवर घेतली आणि गोळे वळायला लागली.

"बसले. अजून काही?"

"जड हो जरा."

"या वयात कुठनं जड होऊ? उपाशी ठेवतेस सुनबाई, आणि म्हणतेस जड हो."

खामफायनं तांदळाचं अर्धं पोतं आणून तिच्या बाजूला वाशावर ठेवलं आणि ठोकळा दोन्ही हातांनी सरळ धरला. काही वेळ काहीच झालं नाही. म्हातारीनं दोन गोळे वळून पानावर मांडले. मग फटकन आवाज झाला, कड सुटली, वासा खाली गेला आणि कोंगमी वाशासकट वीतभर खचली. टोपली तिनं सोडली नव्हती.

"गोळा एकही पडला नाही," ती म्हणाली.

उलटी बाजूही तशीच सुटली. पट्ट्या म्हणून खामफायकडे जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पात्याचे घासून गुळगुळीत केलेले दोन तुकडे होते. एक अडकवून गुडघ्याखाली दाबला, दुसरा सरकवत नेला. कड बाहेर आली आणि आतून असा वास आला की दोघींनी तोंडं फिरवली. सडलेल्या चिकाचा वास. तो त्यांना नवा नव्हता, पण चाकात?

ट्यूब बाहेर येईना. खामफायनं बोटं घालून चाचपलं. टायर आणि ट्यूब यांच्यामधे पिवळट, चामड्यासारखं काहीतरी साकळलेलं होतं. तिनं ट्यूब ओढली तशी ती टरकावत फाटली, चांगली हातभर.

ती फाटकी ट्यूब हातात धरून बसली. मग उठली, हात पुसले आणि फोन लावला. पलीकडे ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

"तू चाकात चीक घातलास?"

पलीकडून उदोम म्हणाला, "वाटीभरच."

"कशाला?"

"बारीक पंक्चर होतं. व्हॉल्व्हमधनं ओतला, चाक फिरवलं, बंद झालं. दोन महिने चाललं की नाही?"

"चाललं. आणि मग भोकातनं बाहेर झिरपून साकळलं. दुधाला विरजण लागतं, चिकाला तेही लागत नाही, हे मी तुला सांगायचं का? जन्म गेला तुझा चीक काढण्यात."

"फाटली का ट्यूब?"

"तुझी आई उद्या प्रवचनाला जायची आहे उदोम."

पलीकडे कोयता थांबला. "मग आता?"

"आता तू ऊस तोड," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कोंगमीनं मान वर केली नाही. गोळे वळता वळता म्हणाली, "त्याच्या बापानं छपराच्या भोकात चीक भरला होता. पावसात नाही गळलं. उन्हात गळलं, आमच्या डोक्यावर."

खामफायला हसू आलं आणि त्यातच डोळ्यांत पाणीही आलं. तिनं ते दंडाला पुसलं. रिमवरचा चीक ती सुरीनं खरवडायला लागली. सोलून सोलून काढला, तारांची बुडं वाळूनं घासली. ट्यूब कुठून आणायची हे ठाऊक नव्हतं, पण रिम तरी साफ होत होती. बाजार दुपारनंतर बंद; सगळी दुकानं मिरवणुकीच्या तयारीला. विचियनचंही.

रिम चकचकीत झाल्यावर ती पलीकडच्या रानात थिट सेंगकडे गेली. चीवर उतरवून संसारात परतलेल्याला तिकडे थिट म्हणतात. सेंग तरुणपणी बारा वर्षं विहारात होता, आता तिच्यासारखाच वाट्यानं रबर काढायचा. त्याच्या झोपडीत दोन पॅच आणि एक सुकलेली सोल्युशनची नळी निघाली.

"हातभर फाटलेलीला पॅच म्हणजे फाटक्या मच्छरदाणीला गाठ," तो म्हणाला. त्यानं झोपडीच्या दाराशी लावलेल्या आपल्या मोटरसायकलकडे बघितलं. मग तिच्या पुढच्या चाकाकडे. "यातली ट्यूब काढ."

"पुढची? ती बारीक पडेल काका."

"फुगते. माणसाचं पोट फुगतं तर ट्यूब नाही फुगणार?"

"आणि तुम्ही उद्या कसं जाणार?"

"साइडकारच्या पाठीमागं उभा राहीन. नाहीतर चालेन. पाय आहेत."

पुढचं चाक काढायला वेळ लागला नाही. ट्यूब गळ्यात घालून थिट सेंग खोपटावर आला तेव्हा कोंगमी म्हणाली, "चीवर गेलं तरी द्यायची खोड गेली नाही तुझी."

"दान नाही मावशे. उसनी आहे. चीक सुरू झाला की नवी घेऊन द्यायची."

खामफायनं ट्यूबमध्ये सुरकुत्या जाण्यापुरती हवा भरली, अंगाला लावायची पावडर फासली, मास्तरांच्या टायरच्या कडेला साबण लावला. टायरवरचा बाण गाडी जाते त्या दिशेला आहे ना, हे दोनदा बघितलं. पहिली कड हातानंच गेली. दुसरी अर्धी गेली, पाऊण गेली आणि अडली. शेवटचा वीतभर भाग. विचियनच्या पाठीमागं राहिलेला तोच भाग.

तिनं पट्टी घातली, रेटली. पट्टी थरथरली. थिट सेंगनं हात घातला, तर कड या बाजूनं आत जाई आणि त्या बाजूनं बाहेर येई. आणखी जोर लावला असता तर पट्टीखाली ट्यूब चिमटली असती. खामफायनं हात काढले. पाठ घामानं चिकटली होती, सालटं निघालेल्या बोटांवर साबण झोंबत होता.

"उद्या सकाळी करू," थिट सेंग म्हणाला.

"उद्या सकाळी जायचंय काका."

तिनं पुन्हा पट्टी घातली. चाक सरकत होतं, म्हणून तिनं कोंगमीला म्हटलं, "आई, तिकडच्या बाजूला पाय ठेव. नुसता दाबून धर." म्हातारीनं भाताची टोपली सांभाळत टायरच्या समोरच्या बाजूला टाच ठेवली आणि दुखऱ्या खुब्याला आधार म्हणून सगळा भार त्या टाचेवर टाकला. कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरली. आणि इकडे, पट्टीपाशी, सगळा ताण सैल पडला.

खामफायनं पट्टीकडे बघितलं, मग टाचेकडे.

"आई, पाय काढू नकोस."

"मी कुठं काढतेय?"

पट्टी जवळजवळ बोटानं फिरली. कड बुळ्ळकन आत गेली.

थिट सेंग पंपावर वाकला. हवा भरता भरता तो गुणगुणायला लागला, राजपुत्र पोटची मुलं देऊन टाकतो त्या अध्यायाची चाल. पंप खाली गेला की ओळ खाली, वर आला की वर. मधेच तो थांबला.

"पुढं काय आहे, आठवत नाही."

"उद्या ऐक," कोंगमी म्हणाली. "हवा भर तू."

टायर तट्ट झालं. खामफायनं व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघितली. बुडबुडा आला नाही. सूर्य रानाआड गेला तेव्हा चाक गाडीला लागलं होतं आणि केळीच्या पानावर गोळ्यांच्या रांगा पुऱ्या झाल्या होत्या.

तांबडं फुटायच्या बरंच आधी, अंधारातच ते तिघं निघाले. म्हातारी साइडकारमध्ये, पांढरी शाल खांद्यावरून घेऊन, गोळ्यांचं ताट मांडीवर. थिट सेंग मागे दांड्याला धरून उभा. तांबड्या मातीच्या रस्त्यावर खामफायनं गाडी एकदाही जोरात नेली नाही. सगळा वेळ ती मागच्या चाकाचा आवाज ऐकत होती. विहाराच्या कमानीशी मिरवणुकीत गोळे देऊन ते आत शिरले तेव्हा भंते आसनावर चढत होते, आणि कोंगमी खांबाला टेकून बसली तेव्हा पहिला शब्द सुरू झाला.

"तू पण बस," ती म्हणाली. "माझा डोळा लागला तर चिमटा काढ."

खामफायला खरं तर परत जायचं होतं. घरी काम होतं. ती मागे टेकून बसली, थोडा वेळ म्हणून.

पाचवा अध्याय लागला. गाणारे भंते म्हातारे होते, आवाज बसका, पण ओळीच्या शेवटाला तो असा वळायचा की सभामंडपातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. तेवढ्यात चुलींकडून एक बाई वाकून वाकून आली आणि कोंगमीच्या कानाशी लागली.

"मावशी, भात बिघडतोय. तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. घडीभर या."

कोंगमीनं मान हलवली. नाही.

"घडीभरच. भंत्यांच्या जेवणाचा आहे."

खामफाय उठायला लागली. सासूऐवजी सून जाते, ही रीतच आहे. कोंगमीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. डोळे तिचे आसनाकडेच होते.

"तूही बस," ती पुटपुटली. "त्यांनाही शिकू दे."

बाई निघून गेली. थोड्या वेळानं वेताच्या टोपलीचं बूड करपल्याचा वास सभामंडपात आला. बायका माना वळवून बघायला लागल्या. कोंगमी हलली नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते करपण्याचं नव्हतं.

खामफाय दिवसभर घरी गेली नाही. दुपारच्या सुट्टीत तेवढी बाहेर जाऊन तिनं चाक दाबून बघितलं, साखळी ताणून बघितली आणि परत येऊन बसली. चिमटा काढायची वेळ एकदाच आली, आणि तो कोंगमीनं खामफायला काढला.

दिवे लागले. तेरावा अध्याय संपला, लाह्या उधळल्या गेल्या. सगळ्यांनी आपापल्या पितळी भांड्यांतून वाटीत पाण्याची धार सोडायला सुरुवात केली. मिळालेलं पुण्य मेलेल्या-जित्या माणसांना द्यायचं, त्याचं उदक. एकानं पाणी सोडायचं आणि बाकी घरच्यांनी त्याला हात लावून बसायचं, म्हणजे सगळ्यांचा वाटा त्यात येतो.

कोंगमीनं धार धरली. खामफायनं हात पुढे केला आणि मागे घेतला. बोटांना साखळीचं तेल होतं, नखांत काळा चीक. समोर शाल पांढरीशुभ्र.

कोंगमीनं मोकळा हात मागे नेऊन सुनेचं मनगट धरलं आणि तो पंजा आपल्या खांद्यावर टेकवला. पाची बोटं उमटली.

"आई, डाग पडले."

"पडू दे," कोंगमी म्हणाली. पाण्याची धार तिनं मोडू दिली नाही.